तलावावरच्या चौकीतली बॅटरी

रेडिओची वायर मी बुधाजींच्या समोरच पक्कडीने कापली. दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली आणि म्हणालो, "काका, आता पाहू बॅटरी सकाळपर्यंत कशी पुरत नाही ते."

ते खाटेवर बसून बघत होते.

"मी बंद करूनच झोपतो जी."

"मग बॅटरी काय हवेत उडून जाते?"

"ते तुमाले मालूम. मले त्यातलं काय समजते?"

मी सोलर बसवणाऱ्या एका लहान कंपनीत टेक्निशियन आहे. राहतो साकोलीला. ही चौकी साकोलीपासून बरीच आत, जंगलाच्या कडेला, मच्छीमार संस्थेच्या तलावावर आहे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पत्र्याची एक खोली. तिथपर्यंत विजेची लाइन गेलेली नाही. रात्री जाळं टाकून मासे चोरतात, म्हणून पाण्यावर रात्रभर फ्लडलाइट हवा. त्यासाठी आम्ही एक पॅनेल आणि एक मोठी बॅटरी बसवली होती. दिवसा पॅनेलने बॅटरी भरायची, रात्री बॅटरीने दिवा चालवायचा.

बुधाजी तिथले राखणदार. बायको वारलेली, मुलगी लाखनीला दिलेली. आठवड्यातून एकदा गावात जाऊन तांदूळ-मीठ आणायचे, एरवी चौकीतच. बोलायला कोणी नाही. रेडिओ होता, तोही आमच्याच बॅटरीवर चालायचा.

पावसाळ्यात तक्रार नव्हती. दिवाळीनंतर दिवा मध्यरात्रीच विझायला लागला. मी दोनदा जाऊन आलो. पॅनेल पुसलं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकलं, कनेक्शन घट्ट केली. हायड्रोमीटर लावला. ही एक काचेची पिचकारी असते. बॅटरीतलं पाणी तिच्यात ओढून ते किती जड आहे हे पाहायचं. जड म्हणजे बॅटरी भरलेली, हलकं म्हणजे उतरलेली. आमचं फारच हलकं निघालं. सगळं सामान चांगलं, तरी बॅटरी रिकामी. मग उरला माणूस. मी कंपनीतल्या सरांना फोनवर सांगितलं, "लोड जास्त वापरतात. रात्रभर रेडिओ चालू राहत असेल." सरांनी तेच संस्थेच्या सचिवांना कळवलं.

तिसऱ्या खेपेला रेडिओची वायर कापली, तरीही दिवा विझतच राहिला.

सचिवांनी मला साकोलीच्या बाजारात गाठलं. "आता तर रेडिओ पन नाही. मग बुढा करते काय तिथं? दिवसाच लाइट लावून ठेवत असन."

"विसरत असतील," मी म्हणालो.

"विसरणारा मानूस राखणदार कायले ठेवाचा? पुढच्या मीटिंगमध्ये दुसरा पाहतो."

मी गाडीला किक मारली. मला नऊ गावांची कामं होती.

बॅटरी वॉरंटीत होती, पण बॅटरीच्या कंपनीला दिवसभराचं रीडिंग पाहिजे होतं. सर म्हणाले, "एक दिवस तिथेच बस. दर तासाला चार्जिंग करंट लिहून घे." याआधी मी तिथे नेहमी सकाळी जायचो आणि लवकर निघायचो. संपूर्ण दिवस कधी थांबलोच नव्हतो.

बुधाजींनी कोरा चहा दिला आणि जाळं विणत बसले. आधी ते फार बोलायचे. कोणत्या बगळ्याला सकाळी कोणती जागा लागते, हेही सांगायचे. त्या दिवशी एक शब्द नाही. पत्रा तेवढा वाऱ्याने वाजत होता. त्या खोलीत रेडिओ नसला की किती वेळ असतो, ते मला तेव्हा कळलं.

सकाळी करंट चांगला होता. अकरानंतर तो अचानक पडला. आभाळ स्वच्छ. मी करंट मोजायचा क्लॅम्प मीटर झटकून पुन्हा लावला. तेच. मग बाहेर येऊन पॅनेलकडे पाहिलं. त्याच्या खालच्या भागावर सावली पडली होती. दक्षिणेला मोहाचं झाड होतं, पानांनी गच्च.

पॅनेलमधले सगळे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पाण्याच्या पाइपवर एका जागी पाय दिला तर पुढची सगळी धार बारीक होते, तसंच एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्खं पॅनेल अडतं. सावली दुपार टळेपर्यंत हलली नाही. म्हणजे चार्जिंगचे खरे तास रोज वाया जात होते. आणि लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि ती कायमची अशक्त होते.

ती जागा मीच निवडली होती. मार्च एंडच्या आत काम दाखवायचं म्हणून घाईत. मार्चमध्ये मोह नागडा असतो, फक्त फुलं गळत असतात. ऊनही डोक्यावर असतं. थंडीत ते दक्षिणेकडून तिरपं येतं आणि मोहाला पानं असतात. मी इथलाच. लहानपणी पहाटे मोहफुलं वेचलेला. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

बुधाजींनी विचारलं, "काई सापडलं का जी?"

"कनेक्शन जरा ढिलं होतं," मी म्हणालो.

खोटं बोललो. पॅनेल गुपचूप पाळीच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं, मग कोणाला काही सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. सरांना मी फक्त बॅटरी बदलून मागितली. नव्या जागी खांबाचं काँक्रीट भरलं. ते वाळेपर्यंत थांबावं लागलं. त्याच दिवसांत संस्थेची मीटिंग झाली.

पॅनेल आणि नवी बॅटरी जोडायला गेलो तेव्हा चौकीत दुसराच माणूस होता. कानात इयरफोन घालून मोबाइल पाहत होता. त्या रात्री दिवा सकाळपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले, मग म्हणाले, "मिटलं ना आता?" सचिवांकडेही गेलो. ते म्हणाले, "पह्यले काहून नाही सांगतलं? आता ठराव झाला."

मग लाखनीला गेलो. हायवेला लागून बुधाजींच्या मुलीचं घर आहे. ट्रकच्या आवाजाने तिथे मोठ्यानं बोलावं लागतं. ते ओट्यावर बसले होते. मी सावलीचं सांगितलं. जागा माझी चुकली, त्या दिवशीही खोटं बोललो, हेही सांगितलं.

त्यांनी आधी रेडिओचंच विचारलं.

"म्हंजे रेडिओ मी बंद करत होतो?"

"हो काका. तुम्ही बरोबर होता."

"मले वाटे, बंद केला असं मनातच येते अन् राहून जाते. वय झालं. पोरीलेही मी तसंच सांगतलं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "ती आता मले गॅस पेटवू देत नाही."

मी आत जाऊन मुलीलाही सांगितलं. तिनं पदराला हात पुसत सगळं ऐकलं. "बरं झालं सांगतलं, भाऊ," म्हणाली. बुधाजी उठून आत आले आणि चहाचं भांडं घ्यायला हात पुढे केला. "बसा ना बाबा तुमी," असं म्हणून तिनं गॅस स्वतःच पेटवला.

आता पॅनेलची जागा मी कोणत्याही महिन्यात गेलो तरी थंडीतलं ऊन धरून ठरवतो, आणि झाड बोडकं दिसलं तरी ते पानांसकट मोजतो. बॅटरी उतरली की आधी माझंच काम तपासतो. बॅटरी दुसरी बसवता येते. माणसाच्या मनात आपण घातलेली शंका काढायला आमच्याकडे काही हत्यार नाही.