दत्ताकाकांनी वाचलेला खाटीक

“इंगळे म्हणजे नक्की कुठले हो?”

हा प्रश्न आपली माणसं जिथे जातील तिथे बरोबर नेतात. लोणच्याची बरणी कस्टमवाले काढून घेतात, हा मात्र सुखरूप पोचतो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. न्यू जर्सीतलं आमचं मंडळ म्हणजे चाळीस-पन्नास घरं, बहुतेक डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. शाळेची जिम भाड्याने घेऊन आम्ही गणपती बसवायचो. तिथे जेवणाच्या रांगेत एका डॉक्टरसाहेबांनी नव्याने आलेल्या गृहस्थांना हे विचारलं. चौकशी गावाची नव्हती, हे रांगेतल्या प्रत्येकाला कळत होतं.

“कोरेगावचे,” ते गृहस्थ खणखणीत आवाजात म्हणाले. “जातीनं खाटीक, धंद्यानंही खाटीक. वडलांचं दुकान आता धाकटा भाऊ बघतो. मी तेवढा पूल बांधण्यात पडलो. तुमचे वडील काय करायचे?”

“पोस्टात होते,” डॉक्टर पुटपुटले.

“अरे वा, चांगलं काम!” हे त्यांनी इतकं मनापासून म्हटलं की तो टोमणा होता की कौतुक, ते मला आजही सांगता येणार नाही. मी मागेच उभी होते. आपण कोण हे इतकं सरळ सांगणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मीच उगाच कानकोंडी झाले. ते शांतपणे मसालेभात वाढून घेत होते.

हे दत्ताकाका. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण मंडळात अजून त्यांच्याबद्दल बोलायचं तर लोक आधी तो गणपतीच आठवतात. पंचावन्नच्या पुढचं वय, ठेंगणा बांधा, जाड बोटं आणि नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी नीता वैतागायची. “डॅड, डू यू हॅव टू टेल एव्हरीवन?” त्यावर काका म्हणायचे, “अगं, नाही सांगितलं तर लोक विचारत बसतात. सांगून टाकलं की सगळे जेवायला मोकळे.”

मंडळाच्या पिकनिकला मटण त्यांच्याकडे असायचं. मी म्हणजे फ्लॉवरमध्ये अळी दिसली तरी पानावरून उठणारी. पण काका बकऱ्याची अख्खी मांडी पुढ्यात घेऊन बसले की मी लांब उभी राहून बघायचे. सुरी अशी फिरायची की कुठे आवाज नाही, ओढाताण नाही. “सांधा सापडला की जोर लागत नाही,” ते म्हणायचे. “जोर लावावा लागला तर समजायचं, आपलीच जागा चुकली.” पोस्टवाल्यांचे चिरंजीव दोनदा वाढून घ्यायचे, हेही सांगून ठेवते.

मी तेव्हा गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते. दर शनिवारी तिथे डोरथी नावाची बाई यायची. वय ऐंशीच्या घरात, शाळेतून निवृत्त झालेली, ताठ. तिची नजर झपाट्याने जात होती. समोरचं धूसर, कडेचं तेवढं दिसे. तिला आपल्या घराण्याचा इतिहास लिहून नातवंडांना द्यायचा होता. सगळी प्रकरणं झाली होती, एक अडलं होतं. तिचे आजोबा अल्बर्ट इंग्लंडातल्या एका खेड्यात खाटीक होते. दुकान धड कधी चाललंच नाही. शेवटी ते बायकामुलांना घेऊन बोटीने अमेरिकेला आले. पण त्याआधी ते तुरुंगात होते अशी घरात कुजबुज होती. “त्यांना फसवलं, ते प्रामाणिक होते,” एवढं बोलून डोरथीचे वडील विषय बंद करायचे.

“खरं काय ते मला कळायला हवं, शुभा,” ती मला म्हणायची. “कळलं की खुशाल आंधळी होईन.”

आम्ही विलायतेहून जुन्या नोंदींच्या फिल्मची रिळं मागवायचो आणि ती यंत्रात घालून पडद्यावर मोठी करून वाचायचो. वाचायचे मी, ऐकायची डोरथी. एका शनिवारी काका पुलांवरचं पुस्तक परत करायला आले आणि ‘बुचर’ हा शब्द त्यांच्या कानावर पडला. झालं! खुर्ची ओढून बसले आणि वडलांची ओळख करून देऊन मोकळे झाले. डोरथीने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. त्या दिवसापासून ते तिचे ‘डॅट’ झाले आणि शनिवार आम्हा तिघांचा झाला.

काका काय वाचायचे हो! शिरगणतीच्या नोंदीत अल्बर्टच्या नावापुढे आधी ‘खाटीक’ लिहिलं होतं. दहा वर्षांनी ‘खाटीक आणि गाडीवाला’. मी ते वाचून पुढे निघाले होते. काकांनी मला थांबवलं. “इथेच दुकान बसलं,” ते म्हणाले. “खाटीक जोडधंदा धरतो तेव्हा त्याच्याकडे कापायला जनावर नसतं. माझ्या चुलत्यानं असाच टांगा घेतला होता.” एका जुन्या वर्तमानपत्रात अल्बर्टची चार ओळींची जाहिरात सापडली. ताजं मांस, फक्त शनिवारी. काका खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. मग डोरथीला म्हणाले, “म्हणजे आठवड्याला एकच जनावर, आणि तेही शेजारगावच्या खाटकाबरोबर अर्धं वाटून. संध्याकाळपर्यंत जे उरेल ते घरी शिजायचं. तुमच्या वडलांना लहानपणी मांस भरपूर मिळालं असेल, पण ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी घरात कोणी हसलं नसेल.”

डोरथीने तोंडावर हात ठेवला. तिचे वडील आयुष्यभर शनिवारी मांस खात नसत, आणि का ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या चार ओळी, आणि हा माणूस त्यातून स्वयंपाकघरात शिरून आला होता.

फेब्रुवारीत एका शनिवारी काका कामासाठी बाहेरगावी होते आणि नेमकी तेव्हाच ती बातमी निघाली. खराब मांस विकल्याबद्दल अल्बर्टला दोन महिन्यांची सक्तमजुरी. मी मनात वाचली. डोरथी शेजारी बसून होती. “काही आहे का गं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “नाही, आजही काही नाही,” आणि रीळ पुढे फिरवलं. तिला पडदा दिसत नव्हता. इतकं सोपं होतं ते.

पण काका पडले चिकट. “एकदा वाचलेलं ते वाचलेलं नव्हे,” म्हणत पुढच्या शनिवारी त्यांनी तेच रीळ पुन्हा लावलं. डोरथी यायला अवकाश होता. बातमीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ती दोनदा वाचली, मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते मला बाहेर पार्किंगमध्ये घेऊन गेले.

“काका, कशाला सांगायचं त्या म्हातारीला?” मीच आधी सुरू केलं. “आणि सांगायचंच तर अल्बर्ट काय म्हणाला तेही आहे ना! गाय धडधाकट होती, मी स्वतः कापली, असं कोर्टात शपथेवर सांगितलं त्यानं. गावातल्या लोकांनी त्याच्या बाजूनं सह्या दिल्या होत्या. फसवलं असेल खरंच.”

“तपासनीसानं मांसाचं वर्णन केलंय, ते वाचलंस?” काकांनी विचारलं. “काळपट, ओलं, शिरांत रक्त साकळलेलं. अगं, जिवंत जनावर कापलं की रक्त वाहून जातं. मेलेलं कापलं की आतच राहतं. त्याची गाय आधी मेली होती, शुभा. कापणाऱ्याला ते पहिल्या घावाला कळतं. त्याला माहीत होतं.”

“पण हे तुमच्याशिवाय कोणालाच कळणार नाही!”

“म्हणून तर मलाच सांगायला हवं,” काका म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. काय बिघडणार होतं एका आंधळ्या होत चाललेल्या बाईला थोडं समाधान दिलं तर?

डोरथी आल्यावर काका तिला घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. त्यांनी प्रस्तावना केली नाही. कागदावर उतरवून घेतलेली बातमी अक्षरन् अक्षर वाचून दाखवली, मग रक्ताचं समजावलं आणि म्हणाले, “तुमचे आजोबा दोषी होते, डोरथी. त्यांना कोणी फसवलं नव्हतं.”

“त्यांनी शपथ घेतली होती,” डोरथी म्हणाली.

“खोटी घेतली.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी पाणी आणायला उठणार तेवढ्यात तिने मान वर केली आणि शाळेत पोरांना दरडावत असेल त्या आवाजात विचारलं, “सारखं वडलांचं सांगतोस ना, डॅट? तुझ्या वडलांनी केलं असतं का असं? कधीतरी?”

नाही म्हणा, मी मनात म्हणत होते. वडलांचं नाव इतक्या ताठ मानेनं घेणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

काकांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “केलं होतं.”

ते कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. गावची जत्रा होती आणि वडलांनी एका मोठ्या घरी पाच बोकडांचा शब्द दिला होता. सकाळी बघतात तर एक बोकड गोठ्यात मरून पडलेला. दुसरा आणायला वेळ नव्हता. वडील त्या बोकडाजवळ नुसते बसून राहिले. मग उठले आणि सुरी घेतली.

“मी दारात उभा होतो,” काका म्हणाले. “त्यांना मी दिसलो का, मला माहीत नाही. मी पाणी भरायला निघून गेलो. पंगती उठल्या, कोणाला काही झालं नाही. तुमच्या आजोबांच्या गावात तपासनीस होता, आमच्या गावात नव्हता. बाकी काही फरक नाही. त्या दिवसापासून मरेपर्यंत वडलांनी मटण तोंडात घातलं नाही. लोक म्हणायचे, इंगळ्यांना वैराग्य आलं.”

“हे घरी कोणाला माहीत आहे?” डोरथीने विचारलं.

“कोणालाही नाही. बायकोलाही नाही. आज पहिल्यांदा बोलतोय.”

माझा मघाचा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या म्हातारीची दया आली होती म्हणून मी तिच्याशी खोटं बोलले. काकांना तिची दया आली म्हणून त्यांनी आपल्या बापाला आणून तिच्या आजोबांच्या शेजारी उभं केलं. इतकं मोठं मन मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. माझ्या माहेरी-सासरी मिळून नाही.

डोरथी म्हणाली, “शुभा, कागद घे.” तिने ते प्रकरण तिथेच सांगायला सुरुवात केली. आजोबा दोषी होते, मेलेली गाय त्यांनी कापली आणि कोर्टात खोटं बोलले, हे तिने पहिल्याच वाक्यात घातलं. मग थांबून म्हणाली, “डॅट, तुझ्या वडलांचं नाव मी इथे लिहू का? आजोबांना तिथे एकटं उभं करवत नाही मला.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “गणपत बाबू इंगळे,” ते म्हणाले. “मुक्काम पोस्ट कोरेगाव, जिल्हा सातारा.”

त्या प्रकरणाची एक प्रत काकांनी स्वतः मराठीत उतरवून भावाला पाठवली. दुकान भावाचं, नाव सगळ्या घराचं, त्यांना कळायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. पत्र गेल्यावर मात्र ते पार खचले. भाऊ तोंड बघणार नाही, आईला या वयात काय ऐकवलं मी, असं रोज फोनवर म्हणायचे. पिकनिकला आले नाहीत. सहा आठवडे असे गेले.

मग एका शनिवारी ते लायब्ररीत आले ते हातात निळं हवाई पत्र घेऊनच. भावानं आईला सगळं वाचून दाखवलं होतं आणि ती काय बोलली ते जसंच्या तसं लिहिलं होतं. काकांनी वाचायला घेतलं, त्यांना जमेना, म्हणून पत्र माझ्याकडे दिलं. आई म्हणाली होती, “ह्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं हुतं. दत्तूनं दारातनं बघितलं, हे ह्यांना ठावं हुतं. पोरगं कायतरी बोलंल, शिव्या देईल, म्हणून लई वाट बघितली. दत्तूला म्हणावं, तू एक शब्द बोलला असतास तर ह्यांनी घास घेतला असता.”

मी डोरथीला ते इंग्रजीत सांगितलं. तिने काकांचा हात शोधून धरला.

“डोरथी,” काका म्हणाले, “तुमचं प्रकरण अपुरं आहे. एक ओळ घालायची राहिली.”

“सांग.”

त्यांनी सांगितली, मी टाइप केली. ते पुस्तक डोरथीच्या नातवंडांकडे आहे, एक प्रत माझ्याकडे आहे. एका इंग्रज खाटकाचं ते प्रकरण काकांच्या त्या ओळीवर संपतं: “गणपत इंगळे यांचा मुलगा दारात उभा होता, आणि तो काही बोलला नाही.”