अनुभव असेल तर बोला

बातमी आली तेव्हा मी वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत माझी छोटी गाडी दोन खांबांमध्ये उलटी घालत होतो. म्हणजे वॉचमन घालत होता, मी नुसता स्टिअरिंग धरून बसलेलो. फोनवर मीनल, माझी चुलत बहीण. "दादा, अण्णा गेले रे. जेवून नुसते टेकले होते..." गाडी तशीच तिरकी टाकून मी कोपरीला त्यांच्या घरी धावलो. घरात कल्याणकडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांची ही गर्दी. जो तो मान हलवून म्हणत होता, "अनुभवी माणूस गेला." मला भलत्या जागी हसू फुटेल अशी भीती वाटली. कारण या अनुभव शब्दानं आमच्या घरात जेवढी भांडणं लावली, तेवढी गावच्या जमिनीनंही लावली नव्हती.

अण्णाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मीनलचे वडील. उमेदीत ट्रक चालवला आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर कल्याणजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नवे ड्रायव्हर पारखून घ्यायचं काम धरलं. पत्र्याची शेड, नावापुरता पंखा आणि टेबलामागे अण्णा. चेहरा असा, की जणू समोरचा येता येताच कुणाची तरी गाडी ठोकून आलाय. हेवी लायसन घेऊन कुणी आला की पहिला प्रश्न, "किती वर्षं?" उत्तर तीनच्या आतलं असेल तर दुसरा प्रश्न नसायचा. एकदा मी तिथे असताना साताऱ्याकडचा एक जण आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. "चुलत्याच्या गाडीवर शिकलोय, साहेब." "मग चुलत्याकडेच राहा. त्यांना तुझी सवय झालीये." "पण साहेब, सुरुवात कुठेतरी..." "दुसऱ्याच्या गाडीवर कर. माझ्या नको." तो गेल्यावर मी आपलं विचारलं, "अण्णा, तुम्हाला पहिल्यांदा गाडी कुणी दिली हो?" म्हणाले, "तेव्हाची माणसं येडी होती." आणि चहा सांगितला.

एकटे अण्णाच असे असते तर सोडून दिलं असतं. पण मोहन्यापासून शीळफाट्यापर्यंत कुठेही जा, दारात तोच प्रश्न. सगळ्यांना दुसऱ्याच्या गाडीवर शिकलेला माणूस हवा, आणि तो दुसरा व्हायला एकही तयार नाही. वर हे पुन्हा मिशीला पीळ देऊन सांगणार, हल्ली ड्रायव्हर मिळत नाहीत हो! ओळखीच्या मालकाला मिसळ खिलवली की तीन वर्षांच्या अनुभवाचं पत्र मिळतं, आणि ते बिनबोभाट चालतं. खरी दोन वर्षं चालत नाहीत. असल्या अकलेच्या माणसांच्या हाती देशभरचा माल आहे, हे कळल्यापासून मी घरात कांदे-बटाटे जरा जास्तच भरून ठेवतो.

मग मीनलनं हेवी लायसन काढलं. त्याआधी ती डोंबिवलीतल्या एका केटररचा टेम्पो चालवायची. चार ठिकाणी नकार पचवून ती शेवटी बापाच्याच शेडमध्ये जाऊन उभी राहिली. अण्णांनी चारचौघांत सांगितलं, "टेम्पो धरत नाहीत. तीन वर्षं कुठेतरी ट्रक चालव, मग ये." ती म्हणाली, "कुठेतरी म्हणजे कुठे, ते तेवढं सांगा. पत्ता द्या, जाते." अण्णांकडे पत्ता नव्हता. त्यानंतर कितीतरी आठवडे बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. काकू मध्ये बसून निरोप पोचवायची, "अगं, विचारतायत, आमटी हवीय का."

आणि एका रविवारी अण्णांचा मला फोन, "गाडी काढ." कुठे, कशाला, काही नाही. रस्ताभर दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर दाबून बसले होते, जणू ब्रेक त्यांच्याकडेच होता. मी ब्रेक लावला की "उशिरा", नाही लावला की "लाव". आम्ही एकेका यार्डात गेलो आणि अण्णांनी मुलीसाठी शब्द टाकला. खुर्च्यांवर बहुतेक त्यांच्याच हाताखाली तयार झालेली माणसं. मोहन्यातल्या एकानं तर वाकून नमस्कार केला, चहा-बिस्किटं मागवली आणि म्हणाला, "अण्णा, तुम्हीच ना म्हणायचात, दुसऱ्याच्या गाडीवर कर?" आवाजात इतका आदर, की मला त्याच्या डोक्यावर कप उपडा करावासा वाटला. अण्णांनी चहा संपवला आणि उठले. परतताना कोपरीचा पूल आला. मग म्हणाले, "चहा बरा होता."

शेवटी शीळ रोडचा एक मालक कबूल झाला, पण अटीवर. वर्षभर शेजारी अनुभवी ड्रायव्हर बसला पाहिजे. अण्णांनी नोकरी सोडली आणि पोरवयात ज्या क्लीनरच्या सीटवर बसून शिकले होते, तिथे पुन्हा जाऊन बसले. वर्ष पुरं व्हायच्या आतच ते गेले.

तेराव्याला त्या मालकाचा मॅनेजर आला. पंगतीत पोटभर जेवला आणि मीनलला म्हणाला, "ताई, वर्ष काही पुरं झालं नाही. अण्णा होते तोवर ठीक होतं. आता चावी..." ती वाढत होती. भांडं खाली ठेवून म्हणाली, "दिवाळीपासून अण्णा गाडीत झोपायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपायचे. घोरायचे. कसारा घाट लागला की तोंड उघडून गाढ. नाशिकला चहासाठी हलवून उठवायला लागायचं."

लग्नाच्या बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या मागे बसून अख्खा रस्ता त्याच्या मानेवर डोळे रोखणारा हा माणूस... घाटात झोपायचा? मॅनेजर तोंड पुसत म्हणाला, "झोप अनुभवात धरत नाहीत हो." भुक्कड माणसं मी पुष्कळ पाहिलीत, एक तर रोज दाढी करताना बघतो. पण याची सर कुणाला नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भिवंडीच्या गोडाऊनला माल भरून पडलेला आणि अनुभवी ड्रायव्हर न सांगता गावी पळालेला. गॅलरीत जाऊन हा खालच्या आवाजात बोलून आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्या सकाळी तेवढी नाशिकची खेप मारा. पुढचं बघू." तीन वर्षं काय, एक वर्ष काय, यांचा सगळा कायदा माल पडून राहीपर्यंतचा!

सकाळी मी यार्डात गेलो. मदतीला म्हणून, म्हणजे फडकं घेऊन. माझ्यावर तेवढंच सोपवता येतं. काचा पुसता पुसता डावीकडच्या दाराशी आलो, तर काचेवर खोबरेल तेलाचा गोल, धुरकट डाग. डोकं टेकून टेकून पडलेला. मी फडकं बाजूला घेतलं. "मिने... हे राहू दे?"

ती ड्रायव्हरच्या बाजूनं वाकली. डागाकडे बघितलं, पलीकडे अर्धवट दिसणाऱ्या आरशाकडे बघितलं. "आरशासमोरची काच अशी ठेवतात? तुला गाडीला हात लावायला दिला कुणी?" अण्णांचाच सूर, तोच तुच्छ ठसका. सरकत डावीकडच्या सीटवर आली, माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि काच घासायला लागली.

डाग केव्हाच गेला होता. ती पुसतच होती.