हरेश घरतचा उजवा गुडघा

हरेश घरत कोणालाही नावाने हाक मारत नसे. मी पनवेलचा, म्हणून मला ‘ए पनवेल’. चेंडू फेकणारा अँथनी वसईचा, म्हणून तो ‘वसई’. अमेरिकेहून आलेल्या कोचला तो तोंडावर ‘अमेरिका’ म्हणायचा आणि कोचला ते आवडायचंसुद्धा. त्याचं स्वतःचं गाव नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या घरापासून मोटारसायकलने फार तर अर्ध्या तासावर. तरीही त्याच्या लेखी मी परगावचाच. मला तो आवडत नसे. आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याचं जे कौतुक करणार आहे ते मनाविरुद्ध केलेलं आहे.

अमेरिकन फुटबॉलची एक व्यावसायिक लीग आपल्याकडे निघाली होती, हे आता कोणाला आठवतही नसेल. नाव फुटबॉल असलं तरी हा खेळ मुख्यतः हाताने खेळायचा. एकाने चेंडू लांब फेकायचा, दुसऱ्याने पळत जाऊन तो झेलायचा आणि झेलल्यावर अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसांना चुकवत आणखी पुढे जायचं. त्या झेलणाऱ्याला रिसिव्हर म्हणतात. कॉलेजात मी शंभर मीटर पळायचो, म्हणून निवड चाचणीत मला रिसिव्हर केलं. तळोज्याच्या बाजूला भाड्याच्या मैदानावर आमचा सराव चाले. वारा कारखान्यांकडून आला की घसा खवखवायचा. पण करारावर सही करून खेळायला मिळत होतं. मी तीन आठवडे हवेत होतो.

चौथ्या आठवड्यात हरेश आला. पायात स्लिपर, पँट विटांच्या धुळीने लाल. चाचणी संपून गेली आहे असं त्याला सांगितलं, तर तो मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि हलेना. शेवटी कोचने वैतागून त्याच्या दिशेने चेंडू भिरकावला. हरेशने तो झेलला. कोचने दुसरा फेकला, तिसरा फेकला. मी चेंडू झेलला की चापट मारल्यासारखा आवाज यायचा. त्याच्या हातात चेंडू गेला की आवाजच येत नव्हता. कोच बराच वेळ नुसता ऐकत होता.

घरचा वीटभट्टीचा धंदा. लहानपणापासून तो टेम्पोशेजारी उभा राहून वरून फेकलेल्या विटा झेलायचा, दोन-दोन एकदम. अँथनीने त्याला एकदा हाताची युक्ती विचारली, तेव्हा तो म्हणाला, “विटेवर हात मारायचा नाय, बोटं जातील. वीट येते तसा हात मागं न्यायचा. तान्हं पोर घेतल्यासारका.” मी ते पाठ केलं, घरी भिंतीवर चेंडू मारून महिनाभर घोकलं. माझ्या हाताचा आवाज काही गेला नाही.

दोन आठवड्यांत माझी जागा त्याला मिळाली आणि मला बचावात टाकलं. म्हणजे रोज सरावात हरेशला अडवायचं, हेच माझं काम झालं. तो मला रोज हरवायचा आणि हरवल्यावर गप्प बसायचा नाही. मी तक्रार केली की एकच वाक्य ऐकवायचा, “बॉल कोनाच्या बापाचा नाय. ज्याच्या हातात, त्याचा.” एकदा माझे वडील सराव बघायला आले. त्या दिवशी त्याने मला असं काही पळवलं, की शेवटी माझा मीच पाय अडकून पडलो. जाताना तो वडिलांसमोर थांबला आणि अदबीने म्हणाला, “काका, पोराला बँकेत लावा.” वडील हसले. आठवड्याने त्यांनी खरंच बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणला. त्या रात्री मी जेवलो नाही.

तो मेहनती होता, हे मात्र कोणी नाकारणार नाही. सगळे गेल्यावर तो एकटाच मैदानावर थांबायचा. पंधरा पावलं पळायचं, डावीकडे जातोय असं भासवायचं आणि उजवीकडे वळायचं. हेच पन्नास-पन्नास वेळा. पाऊल दर वेळी गवताच्या त्याच पुंजक्यावर पडायचं. पहिल्या हंगामात टीव्हीवर सामना लागला की त्याच्या गावात देवळासमोर पडदा लावत. त्याची आई म्हणे दर वेळी विचारायची, की एवढे सगळे मिळून माझ्याच पोराच्या अंगावर का पडतात. गावाने त्याची मिरवणूक काढली. मलाही बोलावणं होतं. मी गेलो नाही.

दुसऱ्या हंगामाआधी मला दुसऱ्या संघाने घेतलं. जुन्या मैदानावरच्या शेवटच्या दिवशी मी पाण्याच्या टाकीमागे गेलो, तर हरेश तिथे बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. त्याने मला पाहिलं आणि वर गुंडाळलेला पँटचा पाय खाली ओढला. मग स्वतःहून बोलला, कधी नव्हे ते हळू आवाजात. जर्मनीतल्या एका क्लबने त्याला विचारलं होतं. त्यांची माणसं त्याला बघायला येणार होती, तीही नेमकी माझ्या नव्या संघाविरुद्धच्या सामन्याला. एवढा एक हंगाम निभावला की तिकडे जाऊन इलाज करता येईल, असा त्याचा हिशेब होता. कोचला ठाऊक नव्हतं, घरीही नव्हतं.

“ह्ये दोगांनाच ठाव हाय,” तो म्हणाला. “एक मी, एक तू.”

विनंती त्याने केली नाही. ती त्याच्या स्वभावातच नव्हती. मी मान हलवली आणि निघून आलो.

सामन्याच्या दिवशी दुपारी आमच्या नव्या संघाची बैठक होती. हरेशला अडवायचं कसं, यावर तासभर खल झाला. कोणाला काही सुचेना. मी हात वर केला आणि म्हणालो, “उजवा गुडघा.” मला कसं माहीत, ते कोणी विचारलं नाही. जसपाल नावाचा आमचा एक उंचापुरा खेळाडू होता, त्याने फक्त मान डोलावली.

सामन्यात हरेशने पहिले दोन झेल माझ्याच डोक्यावरून घेतले. तिसऱ्या वेळी चेंडू उंच आला. हरेश उडाला, चेंडू घेतला आणि त्याचा उजवा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच जसपाल खालून आला. धडक नियमात बसणारी होती. मी दहा पावलांवर होतो. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. हरेश ओरडला नाही. त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हाही चेंडू त्याने छातीशी धरलेला होता आणि पंचांना तो त्याच्या हातातून सोडवून घ्यावा लागला.

जर्मनीची माणसं मध्यंतरातच उठून गेली. हरेशवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण पाय सरळ झाला नाही. पुढच्या वर्षी लीगही बंद पडली. मी बँकेची परीक्षा दिली आणि लागलोसुद्धा. लग्न झालं. नऊ वर्षं गेली. या नऊ वर्षांत मी कोणालाही काही सांगितलं नाही. जसपालचा एकदा फोन आला होता, सहज चौकशीचा. दोघेही त्या सामन्याबद्दल बोललो नाही.

मग पेपरात बातमी वाचली. नेऱ्याकडच्या एका मैदानावर हरेश घरत मुलींना हा खेळ शिकवतो आणि त्याने शिकवलेल्या दोघी राज्याच्या संघात गेल्या आहेत. फोटोत तो काठीवर रेलून उभा होता. एका रविवारी सकाळी मी गेलो. मैदान म्हणजे त्याच्याच घरामागचं शेत, रोलर फिरवून सपाट केलेलं. पंधरा-वीस मुली पळत होत्या. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्याची आई घरातून तांब्या-भांडं घेऊन निघाली, तर त्याने नुसता हात आडवा केला. ती उंबऱ्यातच थांबली. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतात. मला ते मिळालं नाही.

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, “हरेश, त्या दिवशी गुडघ्याचं मीच सांगितलं होतं.”

“ठाव हाय,” तो म्हणाला. “तो पोरगा बॉलकडं बगतच नव्हता. माज्या गुडग्याकडं बगत व्हता. मी उडी मारली तवाच समजलो.”

नऊ वर्षं तो गप्प का राहिला, असं मी विचारलं. त्याने ते हिशेब सांगावा तसं सांगितलं. गावातल्या पोरांना कळलं असतं तर त्यांनी पनवेलात येऊन माझे पाय मोडले असते आणि मग त्यांना सोडवायला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्यालाच झिजवाव्या लागल्या असत्या, एका पायाने. माझ्यासाठी म्हणून तो गप्प राहिला नव्हता, हे त्याने दोनदा सांगितलं.

मी माफी मागितली. त्याने मुलींकडे पाहत शिट्टी वाजवली, एकीला पाय चुकला म्हणून परत जायला लावलं, आणि मग माझ्याकडे वळला.

“तू माजं काय द्याला नाय आलास,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तुजं वजन उतरवाला आलास. हितं उतरवू नको. परत ने.”

तो काठी टेकत मुलींकडे निघून गेला. मी बांधावर आलो. एका मुलीने उंच आलेला चेंडू झेलला, आवाज न करता. मी मोटारसायकल काढली.

मागच्या महिन्यात तो पनवेलच्या बाजारात दिसला, आईबरोबर. मी बायकोबरोबर होतो. वाट अरुंद होती, समोरासमोर आलो. त्याने नजर वळवली नाही, रागही दाखवला नाही. तो सरळ माझ्याकडे बघत राहिला. मान मीच खाली घातली आणि बाजूला सरून त्याला वाट दिली. तो लंगडत पुढे गेला.

“कोण होते?” बायकोने विचारलं.

“खेळाडू,” मी म्हणालो. तिने पुढचं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला वाटतं मी सांगितलं असतं.