सलीमचा अर्धा तेजोमेघ

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कापड मोजत होतो. गिऱ्हाइकाचं माप पुरं केलं, कापड फाडून दिलं आणि मग शटर ओढलं. रडू आलं नाही. अजूनही फारसं येत नाही... शिरूर कासारच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ आणि माझं दुकान भिंतीला भिंत लावून, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकायची सवय तेवढी मोडवत नाही.

लग्नाचे अल्बम करून तो पोट भरायचा आणि उरलेला जीव दुर्बिणीत घालायचा. मरणारा तारा अंगावरचे थर सोडतो, त्यांच्या ढगाला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. असा एक तेजोमेघ तो टिपत होता. एका फिल्टरमधून हायड्रोजनचा तांबडा प्रकाश, दुसऱ्यातून ऑक्सिजनचा निळसर हिरवा. दोन्ही एकावर एक ठेवले की ढगाची खरी ठेवण कळते. तांबडं कडं झालं होतं. आतला ऑक्सिजन राहिला होता. त्याला गडद अंधार लागतो आणि तो ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे गेल्यावर, वस्त्यांना कुलपं लागून दिवे विझल्यावरच मिळायचा. "लोकं गेल्याबिगर मला दिसत न्हाई, काय नशीब हाय बे," असं तो म्हणायचा.

गेला हंगाम दवाखान्यात गेला. यंदा टोळ्या निघायच्या आधीच तो पार खंगला होता. मी म्हणालो, "मधली जागा अंदाजानं रंगव की. लग्नात नसलेली माणसं तर सर्रास बसवतोस." आमच्याकडे ते चालतंच. भाऊ कारखान्यावर असतो, बाप वारलेला असतो. सलीम जुन्या फोटोतून काढून त्यांना मांडवात उभं करायचा, वर फेटाही चढवायचा.

तो चिडला. "ती लोकांची हौस हाय. हितं जे आलंच न्हाई, ते का म्हून दाखवू?"

टोळ्या गेल्या त्याच आठवड्यात तो गेला. हवा तसा अंधार पडला आणि बघायला तो नव्हता. मला याचा राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही.

स्टुडिओ आता त्याची थोरली लेक आस्मा बघते. धाकटीचा निकाह ठरल्याप्रमाणे साधेपणानं उरकला. परवा आस्मानं निकाहातला घरच्यांचा फोटो दाखवला. नंतर बसवायच्या माणसासाठी फोटो काढताना जागा सोडायची असते, तशी तिनं आईशेजारी सोडलेली होती.

"अब्बांना बसवायचं राहिलं का गं?"

"बसवलं व्हतं, काका. लई हुबेहूब बसले व्हते..." तिनं फोटो माझ्या हातातून घेतला. "मग काढलं. ते आलेच न्हाईत."