ताईची तयारी

शहरात गडबड सुरू झाल्यापासून आमच्या ताईनं तयारीचा नुसता धोशा लावला होता. ताई दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, पंचवीस वर्षं झाली. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, चपला दाराकडे तोंड करून, दिवसातून तीनदा प्रार्थना. वर मला विचारायची, "प्रभू आज आला तर तुझी तयारी आहे का गं?" मी म्हणायचे, "आधी भाजी निवडून होऊ दे." ती चिडायची. मीही काही कमी नाही, तिच्याच पाठची आहे.

पण रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की हीच बाई मान खाली घालून, स्वतः न घेता, ते पुढं सरकवायची. चार वर्षं. पाळकांना वाटायचं, किती नम्र! नम्र कसली, डोंबल. खरं कारण मला ठाऊक होतं. आई गेली तेव्हा मी परगावी होते, ताई कामावर होती, आणि आमच्या धाकट्या भावानं, बारक्यानं, ती पोहोचायच्या आत शवपेटीचं झाकण लावून टाकलं. तेव्हापासून बोलणं बंद. मनात एवढी अढी ठेवून ती भाकर हातात घ्यायची तिची छाती होत नव्हती.

बुधवारी बातमी आली. पूल संध्याकाळी पाचला बंद होणार, पुन्हा कधी उघडेल देव जाणे. बारक्या राहतो पुलापलीकडे. मी तडक धुलाईखान्यात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. "तुझ्या पिशवीत सगळं आहे, भाऊ तेवढा नाही. जळ्ळी मेली तुझी तयारी."

तिनं इस्त्री बंद केली. अर्धी झालेली चादर तशीच टाकली आणि मुकादमाला न विचारता निघाली, मी तिच्या मागोमाग.

रस्ताभर तिची पुटपुट चालू होती. "माफ केलं म्हणते. नाही, आधी तो काय म्हणतो बघू." चार वाजून गेले होते. लोक गाठोडी घेऊन उलट्या दिशेनं पळत होते; त्यांच्यातून वाट काढत आम्ही पूल ओलांडला.

बारक्यानं दार उघडलं. ताईला बघून तो जागीच थिजला. ताई घोकलेलं सगळं विसरली.

"आईचा चेहरा कसा होता रे? तेवढं सांग."

बारक्या खाली बसला. "मी पाहिलाच नाही, ताई. धीर झाला नाही. न बघताच झाकण लावलं."

वाटलं, झालं, आता ही पाठ फिरवते. पण ताई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आई गेल्याचा निरोप मला सकाळीच मिळाला होता, बारक्या," ती म्हणाली. "सुट्टीही दिली होती. माझाच पाय उचलेना. संध्याकाळपर्यंत चादरी करत राहिले, आणि खापर तुझ्यावर फोडलं."