द्वारकाकाकूंची साक्ष

हिंजवडीजवळच्या माणमध्ये द्वारकाकाकूंची भाड्याची खोली सोडणाऱ्याला एकच धास्ती असायची: नव्या घरमालकाने चौकशीसाठी काकूंना फोन करू नये. काकू फोन स्पीकरवर टाकायच्या, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला समोर बसवायच्या आणि सांगून मोकळ्या व्हायच्या, "पोरगं बरं हाय, पन नळ बंद करत न्हाई. मित्र लई येत्यात. बघा, पटलं तर घ्या." माझ्या शेजारच्या खोलीतल्या सोलापूरच्या पोराची ठरलेली जागा अशी हातची गेली. तो भडकला. काकू शांतपणे म्हणाल्या, "मग खोटं सांगू व्हय? उद्या त्यो मानूस मला तोंडावर इचारंल." आणि त्याच संध्याकाळी त्याला खाली बोलावून गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. अशी ही बाई. रागवायचं तरी कसं?

मी परभणीहून हिंजवडीत नोकरीला आलो, तेव्हापासून काकूंच्याच वरच्या मजल्यावर राहतो. आयटी पार्कमध्ये शेत गेलं तेव्हा त्यांनी घरावर खोल्या चढवल्या. खाली काकू आणि त्यांचा एकुलता एक मुलगा ओंकार. यजमान वारलेले. ओंकार नर्सिंग शिकलेला, मितभाषी. कौतुक हा प्रकार काकूंना ठाऊकच नव्हता. ओंकारला जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी लागली, आळीने पेढे मागितले, तर या म्हणाल्या, "तितं तरी येळंवर उठतोय का बघू." विमानतळावरून परतल्यावर मात्र त्यांनी आतून कडी लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

तिकडे नोकरी पक्की, पण घर मिळेना. इस्पितळाच्या वसतिगृहात नव्या माणसाला थोडेच महिने ठेवतात. ओंकार सुट्टीच्या दिवशी खोल्या बघत हिंडायचा. एकेका खोलीमागे ही गर्दी, आणि प्रत्येक मालक विचारणार, याआधी कुठे राहत होतास, त्या मालकाचं तुझ्याबद्दल काय मत? "हितं आपन खोल्या देतोय आन् माझं पोरगं तितं दारोदार फिरतंय," काकू म्हणायच्या आणि पदराने तोंड पुसायच्या. शेवटी एकदा तो थकून फोनवर म्हणाला, "आई, आता येकच जागा राह्यलीय. ती न्हाई मिळाली तर मी परत येतोय."

काकूंचा चेहरा असा काही उजळला की बस्स. "येऊ दे की. हितं काय दवाखानं न्हाईत?" लगेच त्यांनी पापडाचं पीठ मळायला घेतलं.

ती शेवटची जागा एका एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंकडे होती. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. ओंकारने त्यांना खरं ते सांगितलं, की मी भाड्याने कधी राहिलोच नाही, आईच्याच घरात वाढलो. बाई म्हणाल्या, मग तुझ्या आईशीच बोलते, तू मध्ये तोंड घालायचं नाही. त्यांना इंग्रजी येत होतं, त्यामुळे दुभाषा म्हणून माझी नेमणूक झाली.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला. बाईंच्या मागे, खिडकीपाशी, ओंकार खाली मान घालून उभा. बाईंनी विचारलं, मुलगा कसा आहे? काकू सुरू झाल्या. "ताट जाग्यावर सोडून उठतो. उशिरा उठतो. राग आला तर दोन दिस बोलत न्हाई." मी भाषांतर करत होतो आणि मनात म्हणत होतो, गेली जागा. काकूंना लेक परत हवा होता, आणि त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती. इथेच थांबल्या असत्या तरी पुरे होतं.

बाईंनी विचारलं, "तो तुमचा मुलगा नसता, तर त्याला खोली दिली असतीत?"

काकूंनी बाईंच्या मागे उभ्या ओंकारकडे बघितलं. मी प्रश्न पुन्हा सांगितला. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

"माझ्या मालकाला, ह्याच्या बापाला, लकवा झाला व्हता," त्या म्हणाल्या. "जाईपोत्तर ह्यानं त्यांचं हागनंमुतनं काढलं. मी वैतागले, त्यांच्यावर वरडले. ह्यो कधी वरडला न्हाई. रातीच्याला हाक मारली तर दुसरी मारावी लागली न्हाई. बाई, तुमी येकल्या हाय. असं मानूस घरात असावं. द्या त्याला खोली."

मी एकही शब्द न गाळता बाईंना सगळं सांगितलं. खिडकीपाशी ओंकारने पाठ फिरवली होती. बाईंनी होकार दिला. काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "झालं. आता न्हाई येत त्यो." मग ढसाढसा रडल्या.

गेल्या वर्षी काकू झोपेतच गेल्या. ओंकार दहाव्याला पोचला. विधी उरकून आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी काकूंनी मनात आणलं असतं, तर तुला एका शब्दात परत आणलं असतं."

"म्हनून तर मी फोन लावून दिला," तो म्हणाला. "मला तितं करमतच न्हवतं. वाटलं, आई माझं खरं काय ते सांगंल, बाई नको म्हनंल, आन् मी घरी येईन. तिच्या मनात माझ्याबद्दल हे असंल, हे मला ठावंच न्हवतं."