नखाएवढी आजी

"आजीवर कोण गेलंय?" आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा हा पहिला प्रश्न. मग डोळ्याला भिंग लावून त्या समोरच्याचं नाक असं बघायच्या, जणू भरायला वांगं निवडतायत.

ज्यांचा फोटोच नाही अशा गेलेल्या माणसांचे, लॉकेटमध्ये बसतील असे नखाएवढे चेहरे काकू नातेवाइकांच्या तोंडावरून रंगवायच्या. यजमानांचा फोटो स्टुडिओ होता, तो केव्हाच बंद पडला. "फोटोने आमच्यासारख्यांना खाल्लं, मोबाइलने फोटोवाल्यांना. आता मी परत मोकळी!" फोटो घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्या दारातूनच वाटेला लावायच्या. "चेहरा आहे ना तुमच्याकडे? मग माझं काय काम?" असा धंदा कसा चालणार, तुम्हीच सांगा.

माझ्या बाबांकडे त्यांच्या आईचा फोटो नव्हता. ती गेली तेव्हा ते आठ वर्षांचे. "हल्ली डोळे मिटले तरी चेहरा येत नाही रे," ऐंशीव्या वर्षी ते म्हणाले, आणि मी त्यांना काकूंकडे नेलं.

काकूंनी अख्खं खानदान बोलावलं. मुलुंडहून आत्या हनुवटी घेऊन आली. घाटकोपरच्या चुलतभावाने नाकावर हक्क सांगितला.

"नाक माझ्याकडे आहे! सगळा गाव म्हणायचा," आत्या भडकली.

"हनुवटी मिळाली ना तुला? सगळंच काय हवं!"

मला निदान डोळ्यांची आशा होती. काकूंनी मला खिडकीशी फिरवून फिरवून पाहिलं. "डावा कान चालेल."

"त्या कानाने ह्यांना काही ऐकू जात नाही," बायको म्हणाली.

"चित्रात ऐकायचंय कुणाला?"

मग कित्येक रविवार आम्ही ओळीने बसलो. मी जरा हललो की काकू ओरडायच्या, "हलू नकोस रे! तू नाही, तुझी आजी बसलीय."

शेवटी त्यांनी भिंग बाबांच्या हातात दिलं. बाबा वाकले. ही भलतीच बाई निघाली तर उरलीसुरली आईही पुसली जायची, हे मला तेव्हा कुठे सुचलं.

बाबा एकदम ताठ झाले. हात पाठीमागे लपवले.

"फणसपोळी मी नाही खाल्ली."

"तूच खाल्लीस, दादा," आत्या भिंगात डोकावत म्हणाली. "आणि मार मला बसला."

एका डोळ्यातला चमकेचा पांढरा ठिपका द्यायचा बाकी होता. काकूंनी बाबांकडे पाहिलं आणि कुंचला पाण्यात धुऊन ठेवला. "झालं."

काकू आता नाहीत. ठिपका राहिला तो राहिलाच. बाबा मात्र रोज सकाळी लॉकेट उघडून आईशी तितक्याच ठामपणे खोटं बोलतात.